जुन्या मदरबोर्डात अजून किती जागा आहे?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा आमच्यासारख्या पुष्कळ दुकानदारांनी बिलिंगसाठी संगणक घेतले, तेही बहुधा जुने. नांदेडच्या इतवाऱ्यात काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, त्यांतले कित्येक अजून चालू आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने थांबविला आणि ‘सगळेच बदला’ असा सल्ला ऐकू येऊ लागला. बदलण्यापूर्वी डबा उघडून आतला मदरबोर्ड पाहावा, असे आम्ही सुचवितो. शिंप्याने शिवणीत कापड राखले असेल तरच जुना सदरा सैल करता येतो. मदरबोर्डाचेही तसेच आहे. बनविणाऱ्याने जेवढी जागा ठेवली तेवढीच वाढ.

जुन्या डब्यांत इंटेलच्या जी-४१ किंवा एच-६१ चिपसेटचा बोर्ड हमखास सापडतो. पहिला २००८ चा, दुसरा २०११ चा. मॉडेलचे नाव बोर्डावरच छापलेले असते; ते कागदावर लिहून घ्यावे आणि मगच बाजारात जावे.

पहिली वाढ रॅमची. जी-४१ बोर्ड काही डीडीआर-२ चे, काही डीडीआर-३ चे असतात. दोहोंची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून जोर लावून बसवू नये. एकूण मर्यादा ८ जीबी. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा, कारण दुकानात तो कोणी सांगत नाही. जी-४१ ला ४ जीबीची डीडीआर-३ पट्टी हवी असेल तर दोन्ही बाजू मिळून १६ चिप असलेलीच घ्यावी. ८ चिपची पट्टी चांगली असली तरी हा बोर्ड तिला नीट ओळखत नाही, आणि मग विकणारा व घेणारा विनाकारण भांडत बसतात. एच-६१ वर १६ जीबीपर्यंत जाता येते. रॅम ४ जीबी टाकूनही पडद्यावर तीन-सव्वातीनच दिसत असेल तर बहुधा विंडोज ३२ बिटची आहे. पट्टीत खोट नाही.

दुसरी वाढ हार्डडिस्कऐवजी एसएसडीची, आणि आमच्या मते खरा फायदा इथेच आहे. दोन्ही बोर्डांवर साटा जोडणी असते. तिचा वेग आजच्या मानाने निम्मा, तरी संगणक सुरू होणे आणि खातेवही उघडणे यांत दिवस-रात्रीचा फरक पडतो. शिवाय डीडीआर-३ रॅम पुढच्या नव्या संगणकात बसत नाही, साटा एसएसडी मात्र बहुधा बसते. हा पैसा बुडीत नाही.

कार्बन कॉपीचे बिल काढणाऱ्यांनी बोर्डामागे २५ छिद्रांचा प्रिंटर पोर्ट आहे का ते पाहावे. नसला तरी काही बोर्डांवर त्याच्या पिना आत असतात, पट्टी जोडली की झाले. नाहीतर मोकळ्या पीसीआय खाचेत पोर्टचे कार्ड बसते. यूएसबीची केबल विंडोजमधून छापते, पण जुन्या डॉसच्या बिलिंगला ती त्रास देते. ग्राफिक्स कार्ड कापड दुकानाला कशाला हवे? पडद्यापुरते चित्र बोर्ड स्वतःच देतो.

तारीख रोज मागे जात असेल तर सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदलावी. चुकीच्या तारखेने बिल तर निघतेच, जीएसटीचे संकेतस्थळही उघडत नाही.

मात्र बोर्डावरचे उभे गोल कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर त्यावर एक रुपयाही लावू नये. आणि विंडोज ११ ची आशाही धरू नये. तिला टीपीएम २.० लागते, ते या बोर्डांवर नाही. इंटरनेट, बँक आणि विवरणपत्रासाठी नवा संगणक किंवा त्याच डब्यावर लिनक्स, हा मार्ग ठीक. जुना डबा इंटरनेट काढून बिलापुरता आणि जुन्या हिशेबासाठी ठेवता येतो. जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. म्हणून मिस्त्रीने पेचकस हातात घेण्यापूर्वी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क दुकानात न ठेवता घरी न्यावी.