एका तोळ्याची गोळी

ब्रिटिश अमदानीत, १८३३ साली, तोळ्याचे वजन ठरले ते १८० ग्रेन. आपल्या सराफकट्ट्यावरून हा ग्रेन केव्हाच हद्दपार झाला; अमेरिकी शिकाऱ्याच्या घरात मात्र तो आजही नांदतो आहे. ‘थर्टी-ऑट-सिक्स’ नावाचे १९०६ सालचे रायफलचे काडतूस तिकडे आजही जोरात खपते. एल्क किंवा मूससारख्या थोराड जनावरासाठी त्यात जी गोळी पिढ्यान्‌पिढ्या घातली जाते, तिचे वजन १८० ग्रेन. बरोबर एक तोळा. आणि तिच्यामागची दारू हा शिकारी ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोलून घेतो. एका गुंजेचे एकोणीस वाटे करावेत आणि त्यातला एक इकडेतिकडे होऊ देऊ नये, इतका तो हिशेब काटेकोर.

दुकानात तयार काडतुसांची खोकी रचलेली असताना हा खटाटोप कशासाठी? पूर्वी उत्तर सरळ होते: पैसे वाचवण्यासाठी. काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की तीन भाग खर्ची पडतात, पुंगळी शिल्लक राहते, आणि चौघांत सगळ्यांत महाग तीच. ती पुन्हा भरून वापरायची, या काटकसरीतून ‘हँडलोडिंग’चा छंद वाढला.

त्याला खरी बरकत आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराकडे दारूचे डोंगर उरले होते आणि ती नष्ट करण्याचा विचार चालला होता. कॅन्सस राज्यातल्या ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थाने आयुर्विम्यावर कर्ज काढून त्यातली पन्नास हजार पौंड दारू उचलली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून रेल्वेचा एक जुना मालडबा मिळवून गायींच्या कुरणात उभा केला आणि त्यात ती भरली. तिकडे कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या भागात गोळ्या घडवायचे साचे बनवू लागला होता. युद्धात तांब्याची टंचाई. म्हणून पॉइंट टू-टू (०.२२ इंची) काडतुसांच्या फेकून दिलेल्या पुंगळ्यांचीच वेष्टणे करून त्यांत शिसे दाबायचे, अशी ती युक्ती. नेब्रास्कात जॉइस हॉर्नडी (नाव बाईचे वाटले तरी हा बाप्या) यानेही १९४९ मध्ये गोळ्यांचा कारखाना काढला. या तिघांच्या नावांनी किंवा त्यांनी काढलेल्या कंपन्यांच्या नावांनी आजही दुकानांची फडताळे भरलेली आहेत.

आज काटकसरीचा मुद्दा लंगडा झाला आहे. २०२०नंतरच्या टंचाईत तर प्रायमर मिळणेच मुश्कील झाले होते. तरीही लोक काडतुसे भरतात, कारण त्यांना हवी असते अचूकता. कारखान्याला आपले काडतूस देशातल्या प्रत्येक रायफलीत बसेल आणि आजोबांच्या काळच्या बंदुकीतही सुरक्षित राहील, असे बनवावे लागते. घरी भरणाऱ्याला एकच रायफल सांभाळायची असते, स्वतःची.

त्याचे काम बाहेरून पाहिले तर कंटाळवाणे. बार उडताना पुंगळी फुगते; तिला तेलाचा हात लावून पोलादी साच्यात दाबायचे आणि मापावर आणायचे. लांबली असेल तर तोंड कापायचे. प्रायमर बसवायचा, दारू तोलून ओतायची, गोळी ठरावीक खोलीपर्यंत दाबायची. मग तेच पुढच्या पुंगळीला. त्यात कौशल्य असे फारसे नाही. आहे तो चोखपणा. पन्नासावे काडतूस पहिल्यासारखेच निघाले पाहिजे.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, हे पाहायचे तर मॅसॅच्युसेट्समधल्या डॉ. फ्रँकलिन मान यांच्याकडे जावे लागते. पेशाने वैद्य असलेल्या या माणसाला गोळी नेमावरून का ढळते, या एका प्रश्नाने झपाटले होते. बंदूक हलायला नको म्हणून त्यांनी काँक्रीटचा भक्कम चौथरा बांधला, आणि गोळ्या मुद्दाम जायबंदी करून झाडल्या. काहींची टोके बोथट केली, काहींची बुडे. टोक बिघडलेल्या गोळ्या बऱ्यापैकी जागेवर गेल्या. बूड बिघडलेल्या भरकटल्या. १९०९ साली त्यांनी हे सारे ग्रंथरूपाने मांडले. नळीतल्या आट्यांमुळे गोळी सेकंदाला तीन हजारांहून अधिक गिरक्या घेत बाहेर पडते. बूड वाकडे असेल, तर नळी सोडताना मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि तिला ढकलतो. गोळीचा तोल मुळातच ढळलेला असेल, तर त्या गिरक्याच तिला सरळ जाऊ देत नाहीत.

एकसारखेपणाच्या या ध्यासाचे आपल्या ओळखीचे रूपही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात पॉइंट टू-टूची काडतुसे लागतात. त्यांचा स्फोटक मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असल्याने ती पुन्हा भरता येत नाहीत. तेव्हा या प्रकारातले वरच्या दर्जाचे नेमबाज वेगळी वाट धरतात. काडतुसांच्या कारखान्याच्या चाचणी केंद्रावर जायचे, आपली रायफल तिथल्या शिकंज्यात आवळायची, एकाच काडतुसाचे निरनिराळे लॉट झाडून पाहायचे आणि जो आपल्या नळीला मानवेल त्याच क्रमांकाचा साठा घ्यायचा. शिकारी काडतूस घडवतो, नेमबाज ते निवडतो.

काडतुसे घरी भरण्यात धोका आहेच. थर्टी-ऑट-सिक्सच्या नळीत दाब साठ हजार पीएसआयच्या घरात जातो. मोटारीच्या टायरमध्ये आपण बत्तीस-तेहेतीस भरतो. हा स्फोट नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर होत असतो. म्हणून दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या चाचण्या घेऊन जाडजूड पुस्तिका काढतात, आणि त्यातल्या किमान आकड्यापासून हळूहळू वर जायचे, हा या छंदातला पहिला नियम. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, हा दुसरा.

दारूला हवामानही कळते. ब्रिटिश साहेबांच्या जुन्या शिकारी रायफलींत कॉर्डाइट नावाची दारू वापरत. इंग्लंडच्या गारठ्यात सरळ वागणारे कॉर्डाइट हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात जास्त दाब निर्माण करी आणि फुगलेली पुंगळी नळीत अडकून बसे. समोर वाघ असताना ही अडचण परवडणारी नव्हती. म्हणून इंग्रज कंपन्या उष्ण देशांसाठी कमी दारूची काडतुसे वेगळी बनवत.

आता या छंदाच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवायला हवे. हँडलोडर मंडळी शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडतात आणि छिद्रांमधले अंतर मोजतात. ते इंचाच्या आत आले की स्वारी खूश; दारू दोन दशांश ग्रेनने बदलून पुन्हा तीन. यातून वह्याच्या वह्या भरतात. अलीकडे मात्र हॉर्नडीच्याच अभियंत्यांनी उघडपणे सांगायला सुरुवात केली आहे की तीन गोळ्यांवरून काहीही सिद्ध होत नाही. तीच काडतुसे वीस-तीस झाडली की पसारा वाढतो, आणि कालचे ‘जादूचे प्रमाण’ आज इतरांसारखेच निघते. म्हणजे वह्यांतला बराचसा मजकूर योगायोगाची नोंद ठरतो. हे ऐकून अनेकांना राग आला, आणि त्यात नवल नाही. इतक्या वर्षांचे सोवळे सहजी सुटत नाही.

शिकारीला लागते किती, तेही पाहावे. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग वीस-पंचवीस सेंटीमीटर रुंद असतो. पूर्व अमेरिकेच्या दाट रानात नेम सहसा शंभर-दीडशे मीटरांच्या आतच धरला जातो. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला पंधरा मीटरचा फरक पडला, तरी दोनशे मीटरवर गोळी जेमतेम सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वर-खाली लागते. मुठीत मावणारे रडार आता वेगाचा प्रत्येक आकडा दाखवते, म्हणून तो फरक डोळ्यांत खुपतो. हरणाच्या बाबतीत त्याने काही बदलत नाही. उभ्याने, धापा टाकत, गारठलेल्या बोटाने चाप ओढणाऱ्या माणसाची चूक याच्या कितीतरी पट मोठी असते. दशांश ग्रेनचा हिशेब छंद म्हणून करावा, त्याला जनावराविषयीच्या कळवळ्याचे नाव देऊ नये.

कळवळ्याचा संबंध येतो तो गोळी लागल्यानंतर. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाचा ट्रकधंद्यातला माणूस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला. मूसच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर होता. नॉस्लरच्या गोळ्या नेमक्या जागी लागत होत्या, पण खांद्याशीच फुटून त्यांचे तुकडे होत होते. आत शिरतच नव्हत्या. नेम अचूक असूनही जनावर उभेच. परतल्यावर त्याने गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचे शिसे पसरावे आणि मागचा भाग अखंड राहून खोल जावा. १९४८ मध्ये त्याने कंपनी काढली. ‘पार्टिशन’ नावाची ती गोळी आजही विकली जाते.

पसरणाऱ्या गोळीच्या इतिहासातले एक ठळक पान तर बंगालमध्ये लिहिले गेले. कोलकात्याजवळच्या डमडम शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने १८९०च्या दशकात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. तिच्या जखमा इतक्या भीषण की १८९९च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांना युद्धात बंदी केली. शिकारीचा कायदा मात्र उलटा. इंग्लंड आणि वेल्सच्या १९९१च्या कायद्यानुसार हरणावर रायफल चालवायची तर गोळी पसरणारीच हवी. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतही तोच नियम. सैनिक जखमी झाला तरी युद्धाचे काम भागते. जनावर जखमी होऊन निसटले तर ते रानात तडफडत राहते.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ बंदच केली आणि काडतुसे बनवायला परवाना लागतो. पुण्याजवळच्या खडकीत १८६९पासून काडतुसांचा कारखाना आहे, तो सरकारी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पीक संरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेल्या ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हातानेच भरला जातो खरा, पण तिच्या नळीला आटे नसतात, त्यामुळे असल्या अचूकतेचा प्रश्नच येत नाही.

अमेरिकी शिकाऱ्यापुढे सध्या वेगळाच पेच आहे. शिशाची गोळी जनावरात फुटते, तेव्हा तिचे बारीक कण मांसात आणि आतड्यांत पसरतात. शिकारी आतडी रानातच टाकून जातो आणि ती खातात कॅलिफोर्नियाचे काँडोर, म्हणजे तिकडची गिधाडे. १९८२ मध्ये हे पक्षी अवघे २२ उरले होते. पिंजऱ्यात पैदास करून त्यांना पुन्हा सोडले, तर शिशाची विषबाधा त्यांना मारत राहिली. अखेर १ जुलै २०१९पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळीवर संपूर्ण बंदी आली. उरले तांबे. ते शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त जागा खाते आणि नळीतही वेगळी वागते. शिशावर बेतलेले जुने आकडे तिला चालत नाहीत; सगळे पहिल्यापासून मांडावे लागते.

ॲरिझोनाने बंदी घातली नाही. कैबाब पठारावर शिकारीचा परवाना मिळालेल्यांना तिथला वन्यजीव विभाग २००५पासून बिनशिशाची काडतुसे फुकट देऊ लागला, आणि बहुतेकांनी ती घेतली. ज्यांना शिसेच वापरायचे आहे, त्यांनी जनावराची आतडी पिशवीत भरून तपासणी नाक्यावर आणून द्यावीत, असे आवाहन असते. आणून देणाऱ्याचे नाव बक्षिसाच्या सोडतीत घातले जाते.