वजनाचा काटा आणि कमरेचा दोरा

रेल्वेच्या मोठ्या स्टेशनांवर वजनाची यंत्रे असत, ती आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असतील. रंगीत दिव्यांच्या त्या उंच पेटीवर उभे राहून खाचेत नाणे टाकले, की खडखडाट होऊन जाड कागदाचे एक छोटे तिकीट हाती पडे. त्या तिकिटावर वजन असे आणि त्याच्याच जोडीला भविष्यही असे. वजनाचा आकडा लोक चटकन विसरत, भविष्य मात्र सोबत्याला वाचून दाखवीत.

वजन आणि भविष्य यांचा संबंध आहे, हे त्या यंत्राने गमतीने सुचविले होते. वैद्यकशास्त्र आज तेच गंभीरपणे सांगते. फक्त त्यात एक दुरुस्ती आहे, आणि ती आपल्या देशातील माणसांना विशेष लागू आहे. आपले भविष्य वजनाच्या आकड्यात अर्धेच वाचता येते. उरलेले अर्धे कमरेच्या घेरात असते. ज्याचा काटा साठ-पासष्टावर स्थिर आहे, तो गृहस्थ निर्धास्त असतो आणि त्याचे सुटलेले पोट हे खात्यापित्या घरचे लक्षण म्हणून घरचेही कौतुकाने पाहतात. या निर्धास्तपणाची किंमत पुढे मधुमेह आणि हृदयविकार यांच्या रूपाने द्यावी लागते. म्हणून हा विषय थोडा मुळापासून पाहू.

माणूस उंच असेल तर त्याचे वजन अधिक असणारच. तेव्हा वजन उंचीशी ताडून पाहिले पाहिजे. हे गणित एकोणिसाव्या शतकात ॲडॉल्फ केटले या बेल्जियमच्या संख्याशास्त्रज्ञाने मांडले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे. १९७२ साली अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांनी या भागाकाराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. आपण त्याला शरीरभार-अंक म्हणू. ज्याची उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो आहे, त्याचा अंक जवळजवळ २५ येतो. जागतिक प्रघाताप्रमाणे १८.५ पासून २५ पर्यंतचा अंक योग्य, २५ च्या पुढे वजन जास्त आणि ३० च्या पुढे स्थूलता. परंतु भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ साली ही मर्यादा खाली आणली. आपल्याकडे २३ पासूनच वजन जास्त धरावे आणि २५ पासून स्थूलता मानावी, असे त्यांनी ठरविले. म्हणजे वर सांगितलेला ६८ किलोचा गृहस्थ युरोपात कसाबसा योग्य वजनाचा ठरेल आणि आपल्याकडे स्थूलतेच्या उंबरठ्यावर उभा असेल.

एकाच देहाला दोन न्याय कशासाठी? याचे उत्तर शोधण्याच्या कामात आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही शरीरभार-अंक २२.३, अगदी बरोबरीचा. पण क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील चरबी मोजली, तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि भारतीय डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! त्यांपैकी एक जण मॅरेथॉन धावणारे होते आणि दुसऱ्यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी आत शिरण्याची धाव, असेही त्यांनी विनोदाने नोंदवून ठेवले आहे. काट्यावर दोघे सारखे होते. आतून मात्र सारखे नव्हते.

हा फरक केवळ लिफ्टमुळे पडत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि त्यांची नवजात बालके यांचा अभ्यास याच मंडळींनी केला आणि त्यातील एक महत्त्वाचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बालके दंडाच्या स्नायूंत आणि पोटातील अवयवांत बरीच उणी पडली. चरबीत मात्र त्या मानाने फारशी उणी पडली नाहीत. आईच्या पोटी अन्न बेताचे मिळाले, की देह आधी स्नायूंवर काटकसर करतो आणि चरबी राखून ठेवतो, असा याचा अर्थ लावला जातो. मागच्या पिढीची उपासमार अशी पुढच्या पिढीच्या पोटावर साठून राहते. तेव्हा स्थूल माणसाला 'खादाड' म्हणून हिणविण्यापूर्वी आपण थोडे थांबावे, हे बरे.

आता चरबी म्हणजे काय ते पाहू. चरबी ही मुळात वाईट वस्तू नव्हे. ती शरीराची कणगी आहे. जास्तीचे अन्न कातडीखालच्या कणगीत साठते आणि अडीअडचणीला उपयोगी पडते. पण कणगी भरली, की धान्य माजघरात, ओटीवर, मिळेल तेथे ओतावे लागते. त्याप्रमाणे कातडीखालची जागा पुरेनाशी झाली, की चरबी आतड्यांभोवती, यकृतात आणि स्वादुपिंडात शिरू लागते. आपल्या लोकांची कातडीखालची कणगीच लहान असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही. गरज नसताना रक्तात साखर सोडीत राहते. स्नायूही साखर पुरेशी उचलीत नाहीत. स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून काही वर्षे ही तूट भरून काढते, आणि मग थकते. त्या दिवशी आपल्याला मधुमेह 'झाला' असे आपण म्हणतो. पण तो कित्येक वर्षे घरात येऊन बसलेला असतो.

म्हणून कंबर मोजली पाहिजे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. मोजताना पँटचे माप धरू नये. पट्टा पोटाच्या खाली उतरवून पुष्कळ जण वर्षानुवर्षे त्याच मापाची पँट घालीत असतात! शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरावी, श्वास सहज सोडावा आणि पोट आत ओढू नये. टेप नसेल तर त्याहून सोपी युक्ती आहे. आपल्या उंचीइतका दोरा घ्यावा, त्याची बरोबर दुहेरी घडी करावी आणि ती कमरेभोवती फिरवून पाहावी. टोके जुळली तर ठीक. मध्ये फट राहिली, तर सावध झाले पाहिजे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा नियम इंग्लंडच्या आरोग्ययंत्रणेच्या मार्गदर्शिकेतही २०२२ पासून आहे. मात्र गरोदर स्त्रियांना तो लागू नाही.

फट दिसली, तर काय करावे? बहुतेकांचा पहिला विचार उपासाचा असतो. एकदम खाणे तोडण्याचे परिणाम काय होतात, हे पाहण्यासारखे आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात वर उल्लेखिलेल्या कीज यांनीच ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबर विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते, तीही सुमारे ४० टक्क्यांनी खाली आली. ती मुले थंडीने कुडकुडत, चिडचिडी होत, रात्रंदिवस अन्नाचा विचार करीत. काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमविली. पोटभर अन्न मिळू लागल्यावर स्नायू सावकाश परतले, चरबी मात्र भराभर परतली. शरीराला आपला निश्चय कळत नाही, त्याला दुष्काळ कळतो. आणि दुष्काळात ते खर्च आखडते. महिन्यात दहा किलो कमी करून देण्याच्या जाहिराती वाचताना हा प्रयोग आठवावा.

याउलट दुसरा प्रयोग पाहा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला. त्याचे फळ २००६ साली प्रसिद्ध झाले. काही जणांना नेहमीचाच सल्ला दिला. काहींना रोज निदान अर्धा तास चालणे, साखर सोडणे, पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थ बेताने खाणे एवढे नेमाने करावयास लावले. तीन वर्षांत पहिल्या गटातील शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. दुसऱ्या गटातील ३९ जणांना. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की या दुसऱ्या गटाचे वजन म्हणावे तसे घटलेच नव्हते! काटा जागचा हलला नाही, तरी रोगाचा धोका कमी झाला. जे लोक महिनाभर चालतात आणि काटा पाहून निराश होऊन सोडून देतात, त्यांच्यासाठी याहून मोठा दिलासा नाही. वजन उतरले तर लाभ अधिकच, हे अमेरिकेतील २००२ सालच्या मोठ्या प्रयोगाने दाखविले. तेथे वजन ७ टक्क्यांनी उतरविण्याचे आणि आठवड्यात दीडशे मिनिटे चालण्याचे ध्येय ठेवले होते; मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. ते वर्षभरात उतरले, तरी पुष्कळ झाले.

आता घरचा हिशेब करू. तेलाचा पाच ग्रॅमचा एक लहान चमचा म्हणजे ४५ उष्मांक. मध्यम अंगाच्या माणसाला तेवढे खर्च करण्यासाठी सुमारे एक किलोमीटर चालावे लागते. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल, तर माणशी दररोज ४१ ग्रॅम, म्हणजे पावणेचारशेच्या आसपास उष्मांक झाले. दोन हजार उष्मांकांच्या आहारातला जवळजवळ पाचवा हिस्सा, तोही भजी-वडे बाहेर खाल्ले ते सोडून. चहाचेही तसेच. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. ही ४० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाची सगळी मिळून साखर २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. आणि उपासाविषयी काय सांगावे? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीचे ताट समोर ठेवूनच जन्मली असावी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यावर तूप आणि दाण्याचे कूट.

म्हणून ताटाची मांडणी बदलावी. भात-पोळीचा ढीग लहान करावा, त्या जागी उसळ, घट्ट वरण, पालेभाजी, कोशिंबीर, ताक यांचा वाटा वाढवावा. खाणाऱ्यांनी अंडी-मासळी घ्यावी. प्रथिने पोट अधिक वेळ भरलेले ठेवतात आणि स्नायू राखतात. स्नायू जन्मतःच कमी असलेल्या आपल्या लोकांनी तर चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा तरी जोर, बैठका किंवा वजन उचलणे असा जोराचा व्यायाम करावा. साठीच्या पुढे हे अधिकच महत्त्वाचे. मात्र गुडघे आणि हृदय यांची स्थिती पाहून, बेताबेताने. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण टाळू नये. साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

औषधांविषयी पुष्कळ कुतूहल आहे. सेमाग्लुटाईड आणि टिरझेपाटाईड ही आठवड्याला एकदा टोचून घेण्याची औषधे वजन उतरविण्यासाठी भारतात २०२५ साली उपलब्ध झाली. ती भूक शमवितात आणि त्यांचा परिणाम खरा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सेमाग्लुटाईडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन घटले. पण औषध थांबविल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले. ज्यांना खरी गरज आहे, त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती अवश्य घ्यावीत. त्यात कमीपणा नाही. लग्नाआधी दोन महिने बारीक दिसण्याची ती युक्ती मात्र नव्हे.

या सगळ्यात दुसरे टोक विसरता कामा नये. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी २४ जणींचा अंक २५ किंवा त्याहून अधिक होता आणि जवळजवळ १९ जणींचा १८.५ हून कमी. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात ही दोन्ही टोके नांदतात. प्रयत्नावाचून सहा-बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी घटले, तर त्याचा आनंद मानू नये. क्षय, मधुमेह, थायरॉइड अशी कारणे आधी तपासून घ्यावीत. आणि सर्वांचे जेवण उरकल्यावर उरलेसुरले खाणारी घरातली तरुण सून हडकुळी राहिली, तर तिच्या पोटी येणारे मूल पुन्हा त्याच कमी स्नायूंच्या वारशाने जन्माला येण्याचा धोका राहतो. पन्नाशीतल्या पुरुषाच्या पोटावरचा एक उपाय असा पंचवीस वर्षांच्या स्त्रीच्या ताटात आहे.

शेवटी एवढेच सांगावयाचे, की हा प्रश्न एकट्याने निश्चय करून सुटणारा नाही. स्वयंपाकघर एक असते, तेलाची बरणी एक असते, आग्रह करणारे हात घरचेच असतात. एकाला पथ्य आणि बाकीच्यांना जिलबी, ही व्यवस्था फार दिवस टिकत नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर प्रत्येकाच्या उंचीचा एकेक दोरा कापावा, मध्ये दुमडावा आणि सर्वांनी मिळून, कोणाला न हसता, आपापल्या कमरेभोवती धरून पाहावा. ज्याच्या दोऱ्यात फट राहील, त्याच्याबरोबर उद्या सकाळी घरातल्या आणखी एकाने फिरावयास जावे.