व्हायोलिनचे बोल, गिटारच्या तारा

गिटार म्हटली की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतो तो गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा. यवतमाळ असो, वणी असो की पुसद. गळ्यात पट्टा अडकवलेला एक तरुण आणि त्याच्यामागे भलामोठा स्पीकर. आज मी बोलणार आहे ती गिटार वेगळी. तिला वीज लागत नाही. वादक खुर्चीवर बसतो, डावा पाय एका बुटक्या पाटावर ठेवतो आणि उजव्या हाताच्या बोटांनी, नखांनी तारा छेडतो. वरच्या सुरांच्या तीन तारा नायलॉनच्या असतात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्या जनावरांच्या आतड्यापासून करीत. आवाज एका खोलीपुरता. शेजारच्या घरात ऐकू जाणार नाही इतका.

या गिटारवर युरोपातले तीनशे वर्षांपूर्वीचे संगीत फार सुंदर वाजते. साधारण १६०० ते १७५० या काळातल्या त्या संगीताला बरोक म्हणतात. शब्दाचे मूळ पोर्तुगीज सांगतात. ‘बारोको’ म्हणजे ओबडधोबड, वेडावाकडा मोती. हे नाव नंतरच्या लोकांनी ठेवले आणि तेही जरा नाक मुरडूनच. याच काळातल्या इमारती पाहायला आपल्याला युरोपात जायला नको, जुन्या गोव्यातली चर्चे आहेत.

आपले रागसंगीत एका वेळी एकच सूर घेऊन चालते. बरोक संगीतात दोन, तीन, कधी चार चाली एकाच वेळी चालतात. प्रत्येकीचे स्वतंत्र म्हणणे असते आणि तरी भांडण होत नाही. हे ऐकायला अवघड वाटते, पण आपला कान त्याला अगदीच नवखा नाही. गोव्याच्या चर्चशाळांतून नोटेशन आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन करणारे सेबास्टियन डिसूझा त्यांतलेच. गायिका मुख्य चाल गाते आणि मागे व्हायोलिनांचा ताफा दुसरीच चाल वाजवत राहतो, हे आपण लहानपणापासून रेडिओवर ऐकत आलो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हेही अशाच परंपरेतले. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या अँथनीला गुरूचे नाव मिळाले ते त्यामुळे. (अकबराला कोणाचे नाव मिळाले हे मात्र मला कोणी सांगितलेले नाही.)

आता गंमत अशी की, आज गिटारच्या मैफलीत जे बरोक संगीत ऐकू येते त्यातले बरेचसे गिटारसाठी लिहिलेलेच नाही. स्पेनचा गास्पार सान्झ, फ्रान्सचा रोबेर द विझे यांनी त्या काळच्या लहान, पाच जोडतारांच्या गिटारसाठी लिहिले, हे खरे. पण त्या काळाचा शिरोमणी योहान सेबास्टियन बाख. त्याने गिटारसाठी एक ओळही लिहिली नाही. त्याचे जे वाजवतात ते मूळचे व्हायोलिनचे, चेलोचे किंवा ल्यूटचे. ल्यूट म्हणजे फुगीर पोटाचे तंतुवाद्य; ते अरबांकडून स्पेनमार्गे युरोपात गेले. अरबीत ‘अल्-ऊद’, त्याचेच पुढे ल्यूट झाले. ऊद म्हणजे लाकूड. आपण दर्ग्यात आणि देवघरातही जो ऊद जाळतो, तोही याच शब्दाच्या घरातला.

माझे एक स्नेही भजनी मंडळात खंजिरी वाजवतात. त्यांना मी हे वादन ऐकवले. त्यांनी मन लावून ऐकले आणि विचारले, “थे वायलिनचं हाय म्हंता, मंग गिटारवर कायले वाजवून रायले?”

प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर बाखपासूनच सुरू करावे लागते, कारण हा उद्योग त्याने स्वतः आयुष्यभर केला. विवाल्दीची चार व्हायोलिनांसाठीची रचना त्याने चार हार्पसिकॉर्डांवर नेली. चेलोसाठीची आपली एक मालिका ल्यूटवर नेली. एकट्या व्हायोलिनसाठीच्या त्याच्या सहा रचनांच्या हस्तलिखितावर १७२० हे साल आहे. त्यातल्या शेवटच्या रचनेचा आरंभ त्याने १७३१मध्ये एका चर्चगीतात ऑर्गन आणि तुताऱ्यांसह वापरला. मग तीच अख्खी रचना पुन्हा लिहिली, बहुधा ल्यूटसाठी. त्या वेळी त्याने काय भर घातली? फार थोडी. मूळ चाल जशीच्या तशी, फक्त खाली अधूनमधून खर्जाचा एकेक स्वर, कोसाच्या दगडासारखा. बाखला गिटारवर आणणाऱ्या प्रत्येकाने हे पान उशाशी ठेवावे, असे मला वाटते.

या सहा रचनांपैकी चौथीच्या शेवटी ‘शाकोन’ नावाचा एक भाग आहे. तो वाजायला तेरा-पंधरा मिनिटे लागतात. तबल्याचा एकल कार्यक्रम ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्याची घडण लगेच कळेल. सारंगी किंवा पेटीवर लहरा फिरत राहतो आणि तबलजी त्यावर कायदे, पलटे मांडत जातो. शाकोनमध्ये खालच्या सुरांची एक छोटी चौकट साठाहून अधिक वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीत वरचे काम बदलते. फरक एवढाच की, इथे लहरा आणि पलटे एकाच माणसाला वाजवायचे आहेत, तेही चार तारांच्या व्हायोलिनवर.

व्हायोलिनचा गज एका वेळी दोनच तारांवर नीट टिकतो. तीन-चार स्वर एकत्र हवे असले तर ते मोडून, झटकन एकामागून एक घ्यावे लागतात. म्हणून बाख पुष्कळ गोष्टी इशाऱ्यावर सोडतो. खालचा एक स्वर वाजवून वर निघून जातो, काही वेळाने पुन्हा खाली येतो. मधली रेघ ऐकणाऱ्याने मनात ओढायची. गिटारवर अंगठा खर्ज सांभाळतो आणि तीन बोटे वरचे सूर घेतात. खालचा स्वर वरच्या कामाखाली गुंजत राहतो. व्हायोलिनने ज्याचा नुसता इशारा केला होता ते इथे उच्चारले जाते. या रचनेसाठी गिटारची सर्वांत खालची तार एक पूर्ण सूर उतरवून षड्जाला मिळवतात. तंबोऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला त्याने बरे वाटते.

अर्थात काही जातेही. गज स्वर ओढून धरतो, फुगवतो. छेडलेली तार वाजल्या क्षणापासून विझायला लागते. मूळ सूर गिटारवर एक सप्तक खाली येतो आणि व्हायोलिनची ती धार जाते.

१९३५ साली आंद्रेस सेगोव्हिया या स्पॅनिश वादकाने पॅरिसमध्ये हा शाकोन गिटारवर वाजवला. तोवर गिटार हे दारूच्या गुत्त्यातले, नाचाच्या साथीचे वाद्य, असाच पुष्कळांचा समज होता. तो समज मोडण्यात या एका रचनेचा मोठा वाटा आहे. सेगोव्हियाने मात्र हात राखून काम केले नाही. भरपूर स्वर घातले, रचना भरगच्च केली. पुढच्या पिढ्यांतले अनेक वादक मूळ हस्तलिखिताकडे वळले आणि भर कमी करत गेले. माझा कल त्यांच्याकडे आहे. इशारा उघड करताना किती उघड करायचा, यातच खरी परीक्षा असते.

हा वाद मला जवळचा वाटतो त्याला कारण आहे. माझ्या घरी उर्दू बोलतात आणि मी कविता मराठीत लिहितो. एका कविसंमेलनात एका गृहस्थांनी कौतुकानेच विचारले होते, “तुम्ही आधी उर्दूत सुचवून मग मराठीत आणता का?” म्हणजे मूळ वाद्य वेगळे आणि हे वाजते ते रूपांतर, असा समज. मी नाही म्हणालो. ते हसले, त्यांना पटले नाही. पुढे खरोखरच काही उर्दू शेर मराठीत आणायला बसलो तेव्हा कळले की, ते काम अगदी निराळे आहे. उर्दू एका शब्दात जे अर्धवट सोडते ते मराठीत पुरे करण्याचा मोह होतो. पुरे केले की शेर मरतो. मराठी गझल उभी केली ती आमच्या शेजारच्या अमरावतीच्या सुरेश भटांनी. ती वाचताना ती कुठून आली हे कोणी विचारत नाही.

शाकोन ऐकायची असेल तर आधी व्हायोलिनवर ऐका, मग गिटारवर. अर्ध्याहून थोडे पुढे गेल्यावर षड्ज तोच राहतो आणि कोमल गंधाराचा शुद्ध होतो. खोलीत कोणी खिडकी उघडावी तसे वाटते. काही मिनिटांनी कोमल गंधार परत येतो. त्यानंतर शेवटचा स्वर आहे तो नुसता षड्ज. बाखने त्याला गंधार दिलेलाच नाही, ना कोमल ना शुद्ध. गिटारवाला तिथे काय करतो ते नीट ऐका. काही जण त्याखाली खर्जातले षड्ज जोडतात, काही जण तो एकटाच सोडून देतात. मला एकटा आवडतो.