फेरफाराची साक्ष : संगणकातील नोंदींचा इतिहास कसा वाचावा

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील शासकीय शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव लिहिले गेले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ पासून महाराष्ट्र हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतो. एका अनाम कारकुनाने शाईने लिहिलेली ती एक ओळ शतकाहून अधिक काळ टिकली, म्हणून आपण तो दिवस नेमका सांगू शकतो. शाळेतील नोंदवहीचे मोल समजण्यास याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला नोंदवही प्रिय असते. तिच्यातील मजकुरासाठी आणि तितकीच तिच्यातील खाडाखोडीसाठी. आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरात एखादी जन्मतारीख दुरुस्त झाली असेल, तर जुनी तारीख आडव्या रेघेखाली आजही वाचता येते. शेजारी लाल शाईने नवी तारीख, आदेशाचा क्रमांक आणि मुख्याध्यापकांची सही असते. काय होते, काय झाले, कोणी केले व कोणत्या आधारे, या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच ओळीत मिळतात. आता हीच नोंद संगणकात गेली आहे. तेथे जुनी तारीख पुसून नवी टाकली की पडद्यावर फक्त नवीच दिसते. मग ती आडवी रेघ गेली कोठे? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

आपल्या समाजासाठी हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्यामुळे जात पडताळणीच्या वेळी त्यापूर्वीचा पुरावा मागितला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नातवाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आणि आजोबांच्या दाखल्यावर ‘महार’ अशी नोंद दिसते. या दोहोंमधील दुवा कागदानेच सिद्ध करावा लागतो. केंद्रीय पातळीवर बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळण्यास १९९० ची दुरुस्ती यावी लागली. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावचे कोतवाल बुक शोधत अकोला-अमरावतीच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेले पालक हा लेख वाचत असतील. एका रकान्यातील एका शब्दावर मुलाचा प्रवेश अडतो, हे त्यांना आम्ही सांगावयास नको.

पटवाऱ्याचे दप्तर

संगणकाकडे वळण्यापूर्वी आपल्या वऱ्हाडातील प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाची एक व्यवस्था पाहू. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. जमीन आज कोणाच्या नावे आहे आणि तीत काय पेरले आहे, हे तो सांगतो. परंतु ती त्याच्या नावे कशी आली, हे सांगणारे दप्तर वेगळे आहे. ते म्हणजे गाव नमुना सहा, अर्थात फेरफार नोंदवही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार खरेदी, वारसा, वाटणी असा कोणताही बदल तलाठ्याने, म्हणजे आपल्याकडच्या पटवाऱ्याने, प्रथम या वहीत लिहावयाचा असतो. त्याची सूचना चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत चढते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच ती पक्की होते. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो आणि नव्या नावापाशी फेरफार क्रमांक येतो.

म्हणूनच जाणता वकील सातबारा पाहून थांबत नाही. तो फेरफार क्रमांक टिपून घेतो आणि एकेक फेरफार काढीत मागे मागे जातो. सातबारा म्हणजे आजची स्थिती. फेरफार म्हणजे त्या स्थितीपर्यंतचा प्रवास. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे.

संगणकाची रोजकीर्द

विद्यार्थ्यांची माहिती, बँकेतील खाती, रेल्वेची आरक्षणे हे सर्व ज्यात साठविले जाते त्याला डेटाबेस म्हणतात. त्यातील तक्ते म्हणजे आपला सातबारा. मात्र बहुतेक मोठे डेटाबेस तक्त्यांसोबत आणखी एक वही गुपचूप लिहीत असतात. तिचे नाव ट्रान्झॅक्शन लॉग.

ती कशासाठी? अकोल्यातील आईने अमरावतीत शिकणाऱ्या मुलीच्या खात्यावर ५०० रुपये पाठविले, असे समजा. आईच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि मुलीच्या खात्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर पैसे हवेत विरतील. म्हणून वजा आणि जमा ही दोन कामे मिळून एकच ‘व्यवहार’ मानला जातो. तो पूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये. अर्धवट राहता कामा नये. हे साधण्यासाठी डेटाबेस एक कडक नियम पाळतो : बदल आधी लॉगमध्ये लिहावयाचा, मगच तो तक्त्यात कायमचा उतरवावयाचा. जुन्या पेढीवर हीच शिस्त होती. आधी रोजकीर्द, मग खतावणी.

वीज परत आल्यावर डेटाबेस ही रोजकीर्द उघडतो. कोणते व्यवहार पूर्ण झाले व कोणते अर्धवट राहिले, हे प्रथम तपासतो. नंतर लिहिलेले सर्व बदल त्याच क्रमाने पुन्हा करतो आणि शेवटी अर्धवट व्यवहार उलटे फिरवून रद्द करतो. ही पद्धत ‘एरीज’ या नावाने प्रसिद्ध आहे. आय.आय.टी. मद्रासचे माजी विद्यार्थी सी. मोहन व त्यांच्या आय.बी.एम. मधील सहकाऱ्यांनी ती १९९२ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडली. तिच्यातील दुसऱ्या टप्प्याला त्यांनी ‘इतिहासाची पुनरावृत्ती’ अशा अर्थाचेच नाव दिले आहे, हे इतिहासाच्या शिक्षकाला विशेष वाटावे.

लॉग मुळात अपघातातून सावरण्यासाठी असतो. तथापि, त्यात व्यवहाराचा क्रमांक, वेळ, तक्ता, बदललेली ओळ आणि बहुधा तिचे आधीचे व नंतरचे रूप नोंदले जात असल्याने तो भूतकाळ तपासण्याचेही साधन ठरतो. ओरॅकलमध्ये ‘लॉगमायनर’ नावाची सोय याच कामासाठी आहे. मायएसक्यूएलचा ‘बायनरी लॉग’ही असा वाचता येतो. जी आडवी रेघ आपण शोधत होतो, ती येथे सापडते.

एकशे बारा नोंदी

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग येथे सांगणे उपयुक्त ठरेल. आमच्या परिचयाच्या एका वसतिगृहात शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना असे आढळले की, एकशे बारा विद्यार्थ्यांच्या धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ ऐवजी ‘इतर’ असे आले आहे. अर्जांची मुदत आठवड्यावर होती. पालक संतापले. कार्यालयात संगणकावर काम करणारा लिपिक एकच होता आणि तो अन्य समाजाचा होता. ‘मुद्दाम केले’ हा शब्द दुपारपर्यंत गावभर झाला. त्याच्याविरुद्ध तक्रार द्यावी, असे पालकसभेत ठरत आले. त्या सभेला आम्हीही उपस्थित होतो आणि आमचेही मन त्याच दिशेने झुकले होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

आपला एक माजी विद्यार्थी पुण्यात डेटाबेसच्या देखभालीचे काम करतो. त्याने एक दिवस मागून घेतला व लॉग वाचावयास घेतला. पहिलीच ओळ लिपिकाच्या विरोधात गेली. बदलाची वेळ होती सायंकाळचे ६ वाजून १० मिनिटे, आणि त्या दिवशी लिपिक साडेसहापर्यंत कार्यालयात होता.

मात्र पुढे दोन गोष्टी आढळल्या. एक, एकशे बाराही ओळींचा व्यवहार क्रमांक एकच होता आणि सर्व बदल एकाच सेकंदात झाले होते. लिपिकाच्या पडद्यावर एका वेळी एकच विद्यार्थी उघडत असे. हाताने इतक्या नोंदी बदलण्यास त्याला तास लागले असते. दुसरी, सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेवर नव्हतेच. ते जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, होते. लॉगमधील ६ वाजून १० मिनिटे म्हणजे आपल्या रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटे! त्या वेळी कार्यालयाला कुलूप होते. विचारणा केल्यावर उलगडा झाला की, संगणकप्रणाली पुरविणाऱ्यांनी त्या रात्री नवी आवृत्ती बसविली होती. तीत धर्मांची यादी बदलली आणि जुन्या यादीतील ‘बौद्ध’ चा संकेतांक नव्या यादीत न सापडल्याने त्या सर्व नोंदी ‘इतर’ मध्ये ढकलल्या गेल्या.

नोंदी पूर्ववत करण्याची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. जुनी संपूर्ण प्रत परत बसविली असती, तर मधल्या नऊ दिवसांतील नवे प्रवेश पुसले गेले असते. म्हणून लॉगमधील आधीचे रूप घेऊन तेवढ्याच ओळी, तेवढाच रकाना दुरुस्त केला गेला. मुदतीपूर्वी अर्ज गेले. पुढच्या सभेत सर्वांदेखत त्या लिपिकाची क्षमा मागण्यात आली.

साक्षीदाराची उलटतपासणी

इतिहासशास्त्रात साधनांचे बहिरंग व अंतरंग परीक्षण शिकविले जाते. साधन अस्सल आहे का, हे आधी पाहावे. ते जे सांगते ते कितपत विश्वसनीय आहे, हे नंतर. लॉगलाही हाच नियम लागू आहे. वरील प्रसंगात पहिल्या ओळीवर विश्वास ठेवून थांबलो असतो, तर पुराव्याच्याच नावाने अन्याय झाला असता.

लॉगच्या मर्यादा ओळखून ठेवाव्यात. पहिली, तो कायमचा नसतो. जागा वाचविण्यासाठी जुना भाग काढून टाकला जातो. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीत, वेगळी सूचना न दिल्यास, ही मुदत तीस दिवसांची असते. पटवाऱ्याच्या दप्तरासारखा तो पिढ्यान्‌पिढ्या राहील, असे समजू नये. दुसरी, काही मांडणींत बदलाचे आधीचे रूप पूर्णपणे नोंदलेच जात नाही. तिसरी, लॉगला ओळखतो तो खातेदार, माणूस नव्हे. पाच जण एकच पासवर्ड वापरत असतील, तर त्यांतील कोण, हे लॉग सांगू शकत नाही. चौथी, ‘काय’ आणि ‘केव्हा’ तो सांगतो. ‘का’ हे माणसांनाच विचारावे लागते. पुराव्याची साखळी जेथे तुटते तेथे इतिहासकाराने काय करावे, याची चर्चा बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत केली आहे. आपल्या तरुण संगणक अभियंत्यांनी ती आवर्जून वाचावी.

या मर्यादांमुळेच केवळ लॉगवर विसंबू नये, असा संकेत आता रूढ होत आहे. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या देशातील कंपन्यांना हिशेबासाठी अशीच प्रणाली वापरणे बंधनकारक आहे, जिच्यात प्रत्येक बदलाचा तारखेनिशी माग राहील आणि तो माग बंद करता येणार नाही. कंपनीच्या जमाखर्चाला जे संरक्षण आहे, ते मुलाच्या जातीच्या व जन्मतारखेच्या रकान्याला का नसावे?

आपण काय करू शकतो

शाळा व वसतिगृहे चालविणाऱ्यांनी पाच गोष्टी कराव्यात, असे आम्हांस वाटते. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन द्यावे. नाव, जन्मतारीख, जात व धर्म या रकान्यांतील बदलांसाठी संगणकातच वेगळी फेरफार नोंदवही ठेवावी आणि तीत बदलाचे कारण लिहिल्याशिवाय बदल होऊ नये. लॉगची प्रत नियमितपणे दुसरीकडे जपावी आणि घड्याळ कोणत्या वेळेवर आहे, हे लिहून ठेवावे. वर्षातून एकदा जनरल रजिस्टर व संगणक यांची ओळीस ओळ ताडून पाहावी. आणि लॉगमध्येही मुलांची खाजगी माहितीच असते, म्हणून तो वाचण्याचा अधिकार मोजक्यांनाच असावा.

पालकांनीही दाखला हाती येताच तेथेच वाचावा. चूक दिसल्यास तोंडी न सांगता लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. जमिनीचे जुने अभिलेख आता छायाप्रतींच्या रूपाने शासनाच्या संकेतस्थळावर येत आहेत आणि त्यांत अकोला व अमरावती हे दोन्ही जिल्हे आहेत. आजोबा-पणजोबांच्या नोंदी सवड काढून शोधाव्यात. गरज पडण्याची वाट पाहू नये.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. स्मरणिकेच्या प्रकाशनाला येताना आपापला शाळा सोडल्याचा जुना दाखला सोबत आणावा. त्याची आपल्या रजिस्टराशी व संगणकाशी पडताळणी करण्याची व्यवस्था त्या दिवशी कार्यालयात करण्यात येत आहे. पुण्या-हैदराबादेत संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी दोन दिवस अधिक मुक्काम करावा. आपल्या प्रणालीत फेरफार नोंदवही बसविण्याचे काम त्यांनीच हाती घ्यावे, ही आमची इच्छा आहे.