एमसीबी का पडला नाही?

मित्रहो, व्हायवाला "ओहमचा नियम सांग" म्हटलं की आपण सगळे पोपटासारखे बोलतो. मीसुद्धा! पण तो नियम मला खरा कळला तो हॉस्टेलवर, थंडीतल्या एका सकाळी, जळक्या प्लास्टिकच्या वासाने.

झालं असं की, पहिल्या लेक्चरची घाई होती. म्हणून मी आणि माझ्या रूम पार्टनरने एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर पाणी तापवायचे दोन रॉड लावले. थोड्याच वेळात भिंतीतला प्लग काळा पडून नरम झाला. आणि एमसीबी? तो ढिम्म! पडलाच नाही. त्या रात्री मी कागद-पेन घेऊन बसलो.

रॉडवर लिहिलं होतं, १५०० वॅट, २३० व्होल्ट. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. म्हणून करंट = १५०० ÷ २३० = सुमारे ६.५ अँपिअर. रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट. २३० ÷ ६.५ = सुमारे ३५ ओहम. बस्स, व्होल्टेज आणि करंट कळले की बाकी दोन्ही निघतात. (हे सरळ गणित रॉड, इस्त्री अशा तापणाऱ्या वस्तूंना चालतं. पंख्याच्या मोटरला पॉवर फॅक्टरही धरावा लागतो.)

व्होल्टेज २०० वर घसरलं तर? रॉडचा रेझिस्टन्स जवळजवळ तोच राहतो. करंट ५.७ अँपिअर, पॉवर जेमतेम ११४० वॅट. बादली लवकर का तापत नाही, ते इथे कळतं!

आता प्लगकडे येऊ. दोन रॉड म्हणजे १३ अँपिअर, आणि प्लग होता ६ अँपिअरचा. त्यात सॉकेट सैल. सैल जोडाचा रेझिस्टन्स अर्धा ओहम धरू. तिथे तयार होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. हा नियम ज्यूलने १८४१ मध्ये मांडला. एका रॉडला त्या जोडावर सुमारे २० वॅट. वर्कशॉपमधलं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, म्हणजे प्लगमध्ये जवळपास तेच बसवल्यासारखं झालं! दोन रॉडना सुमारे ८० वॅट. करंट दुप्पट, उष्णता चौपट.

आणि एमसीबी १६ अँपिअरचा. त्याला फक्त करंट कळतो, प्लग किती तापलाय ते कळत नाही. १३ अँपिअर म्हणजे त्याच्या दृष्टीने सगळं ठीक! उलट सैल जोडामुळे करंट किंचित कमीच होतो.

एरवी आम्ही रॉड लावून खुशाल ब्रश करायला जातो. त्या दिवशी खोलीत होतो, म्हणून गादीपर्यंत आग गेली नाही.

तेव्हा दोस्तांनो, एका वेळी एकच रॉड, तोही १६ अँपिअरच्या सॉकेटलाच. आधी रॉड पाण्यात, मग बटण. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात नको. प्लग गरम लागला तर तो पॉइंट वापरूच नका, लगेच इलेक्ट्रिशियनला सांगा. आणि रेक्टर सर, आमचे रॉड तुम्ही जप्त केलेत ते बरोबरच. पण पुढच्या थंडीआधी ती सैल सॉकेटंही बदलून घ्या ना, प्लीज!