इंग्रजीतले ‘पण’ आणि ‘तरी’ आले कुठून?

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये दोन मोठे कवी एकाच सुमारास लिहीत होते. जेफ्री चॉसर लंडनचा, दरबारात वावरलेला. विल्यम लँगलंडच्या भाषेवर पश्चिमेकडच्या परगण्यांचा ठसा. जिथे आपण ‘पण’ म्हणू, तिथे चॉसर ‘बट’ लिहितो, तर लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’मध्ये ‘आक’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. ‘आक’ हाच इंग्रजीचा जुना ‘पण’. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात तोच भेटतो. लँगलंडनंतर तो झपाट्याने मावळला आणि आज शिकलेल्या इंग्रज माणसालाही सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. भाषेने आपला ‘पण’च टाकून द्यावा, ही मला फार मोठी घटना वाटते. वस्तूचं नाव बदलणं सोपं असतं. घडीघडी तोंडात येणारा, न कळत उच्चारला जाणारा शब्द बदलायचा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची बोलण्याची सवय बदलावी लागते.

त्याच्या जागी आलेला ‘बट’ मुळात विरोधाचा शब्दच नव्हता. जुन्या इंग्रजीतला ‘बूटान’ म्हणजे ‘बाहेरच्या बाजूला’. निव्वळ जागा दाखवणारा शब्द. डच भाषेत त्याचा भाऊ ‘बाउटन’ आजही ‘बाहेर’ याच अर्थाने नांदतो. स्कॉटलंडमधल्या दोन खोल्यांच्या जुन्या घराला ‘बट अँड बेन’ म्हणतात : बट ही बाहेरची खोली, बेन ही आतली. ‘बाहेर’वरून ‘वगळून’ हा अर्थ आला. ‘ऑल बट वन’ म्हणताना इंग्रज माणूस अजून त्याच पायरीवर उभा असतो. खरी कलाटणी मिळाली ती नकारार्थी वाक्यांत. ‘त्याच्याकडे काही नव्हतं, एका गायीखेरीज’ हे वाक्य दहादा ऐकलं की ऐकणारा ते ‘काही नव्हतं, पण एक गाय होती’ असं समजून घेऊ लागतो. अपवादाचा विरोध होतो तो असा. आपला ‘पण’ वेगळ्या वाटेने आला. संस्कृत ‘पुनर्’, प्राकृत ‘पुण’, मग ‘पण’. म्हणजे ‘पुन्हा’शी त्याचं जवळचं नातं. आणि ‘मात्र’ आला ‘केवळ’ या अर्थावरून.

या चिमुकल्या शब्दांकडे तत्त्वज्ञांचं लक्ष गेलं नसतं तरच नवल. जॉन लॉकने १६९०च्या आपल्या मानवी आकलनावरच्या ग्रंथात अव्ययांसाठी एक छोटं प्रकरण राखलं आणि उदाहरणाला ‘बट’च निवडला. हा एवढासा शब्द मनाच्या किती वेगवेगळ्या हालचाली दाखवतो, हे त्याने तिथे उलगडून दाखवलं. जॉन हॉर्न टूकची कथा याहून विलक्षण आहे. अमेरिकेत ब्रिटिश सैन्याने मारलेल्या माणसांच्या कुटुंबांसाठी त्याने जाहीरपणे मदत मागितली, म्हणून १७७७मध्ये त्याच्यावर खटला चालला आणि तो तुरुंगात गेला. त्या खटल्यातला कायद्याचा वाद एका उभयान्वयी अव्ययापाशी येऊन ठेपला होता, आणि त्यातूनच त्याचं अव्ययांवरचं लेखन सुरू झालं. १७८६च्या ‘डायव्हर्शन्स ऑफ पर्ली’मध्ये त्याने ठामपणे मांडलं की असे सगळे शब्द एके काळी भरीव अर्थाचे होते. ‘दो’, म्हणजे ‘जरी’, हा त्याने ‘मान्य कर’ अशा अर्थाच्या जुन्या आज्ञार्थावरून काढला. ही व्युत्पत्ती चुकीची आहे, त्याच्या इतरही बऱ्याच व्युत्पत्ती टिकल्या नाहीत. मूळ अंदाज मात्र टिकला, आणि तेवढ्यासाठी तरी त्याचं नाव आदराने घ्यायला हवं.

‘दो’ची खरी हकीकत समुद्रापलीकडची आहे. जुन्या इंग्रजीत ‘थेआह्’ असा देशी शब्द होता. पण इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला व्हायकिंग वसले, इंग्रज शेतकऱ्यांशी त्यांचा शेजार जुळला, आणि त्यांच्या भाषेतल्या भावंडरूपाने देशी रूपाला हळूहळू मागे सारलं. ‘दे’ आणि ‘देम’ ही सर्वनामंही इंग्रजीला याच शेजाऱ्यांनी दिली. सर्वनामं आणि ‘जरी’ उसने घेण्याइतकी जवळीक केवळ लढाईतून होत नाही. ती रोजच्या व्यवहारातून आणि सोयरिकीतून होते.

काळ दाखवणाऱ्या शब्दांचं काय झालं, हा मला या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. ‘व्हाइल’ म्हणजे मुळात नुसता ‘वेळ’. त्यातून ‘ज्या वेळी’ हा अर्थ आला. मग सोळाव्या-सतराव्या शतकांत ‘एकीकडे हे, तर दुसरीकडे ते’ असा विरोध त्यात भरला. ‘स्टिल’ म्हणजे स्थिर, न हललेला. त्यावरून ‘सतत’, मग ‘अजूनही’, आणि शेवटी ‘तरीही’. दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत असं कुणी मुद्दाम सांगितलं, की ऐकणारा विचार करतो : हे का सांगतोय? त्या एकत्र असणं अनपेक्षित असेल का? हा तर्क बोलणाऱ्याने शब्दात घातलेला नसतो, तो ऐकणाऱ्याचा असतो. पुरेशा लोकांनी पुरेशा वेळा तो केला की शब्दाला कायमचा चिकटतो. भाषाशास्त्रज्ञ एलिझाबेथ क्लॉस ट्रॉगॉट यांनी अर्थबदलाची ही दिशा बारकाईने मांडली : बाहेरच्या जगाविषयीचे शब्द हळूहळू बोलणाऱ्याच्या दृष्टिकोनाविषयीचे होतात. दुसरे भाषाशास्त्रज्ञ एक्केहार्ड क्योनिश यांनी ‘तरीही’वाचक शब्दांचीच जगभरच्या भाषांत तुलना केली. असे शब्द भाषेत उशिरा घडतात, आणि मुलंही ‘म्हणून’ आधी शिकतात, ‘तरीही’ नंतर. यात आश्चर्य नाही. ‘तरीही’ म्हणायला आधी काय अपेक्षित होतं ते मनात धरावं लागतं, आणि मग ते घडलं नाही हेही मान्य करावं लागतं.

‘डिस्पाइट’मध्ये तर चक्क तिरस्कार आहे. लॅटिनमध्ये वरून खाली, तुच्छतेने पाहणं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. ‘इन स्पाइट ऑफ’ म्हणजे आधी कुणाच्या तरी नाकावर टिच्चून. शत्रूला न जुमानता किल्ला घेतला, राजाला न जुमानता लग्न केलं. पुढे माणसाच्या जागी पाऊस आला, आजारपण आलं. पावसाचा कुणी अपमान करत नाही, त्यामुळे तिरस्कार गळून गेला आणि नुसतं ‘असूनही’ उरलं.

आणखी एक वाट ‘सगळं’ची. ‘ऑल्दो’ म्हणजे ‘ऑल’ आणि ‘दो’. ‘हाउएव्हर’ म्हणजे ‘कशाही प्रकारे’, जसं आपलं ‘कितीही झालं तरी’. ‘ऑलबिइट’ म्हणजे ‘सगळं तसं असू दे’. हा शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुनाट मानला जाई, आणि नंतर तो पुन्हा जोमाने वापरात आला. त्याचा भाऊ ‘हाउबिइट’ १६११च्या बायबलमध्ये ठायी ठायी आहे, आता नाहीसा झाला.

‘नॉटविथस्टँडिंग’ हे लॅटिन कायद्यातल्या ‘नॉन ऑब्स्टान्टे’चं, म्हणजे ‘आड न येता’ या वचनाचं, शब्दशः इंग्रजी रूप. त्याचं राज्य अजून कायद्यात आहे. कॅनडाच्या १९८२च्या हक्कसनदेतलं ३३वं कलम याच शब्दाच्या नावाने ओळखलं जातं. आपल्या संविधानाचा ३७०वा अनुच्छेद २०१९पर्यंत याच शब्दाने सुरू होत असे. मराठी कायद्यांत त्यासाठी ‘काहीही असले तरी’ लिहितात, आणि ते नेमकं आहे.

आपल्याकडची मुलं ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करतात आणि मध्ये ‘बट’ घालतात, म्हणून त्यांना लाल शाईची रेघ मिळते. कानात जरी-तरीची जोडी बसलेली असते, त्याचा हा परिणाम. आजच्या प्रमाण इंग्रजीत ती चूकच आहे. पण जुन्या इंग्रजीतही ‘थेआह्’ला पुढच्या वाक्यात जोडीदार असे, आणि ‘दो’नंतर ‘येट’, म्हणजे ‘तरी’, आणणारे चांगले लेखक अठराव्या शतकापर्यंत सहज सापडतात. मुलाला हे सांगून मग रेघ मारली, तर त्याला आपल्या भाषेची लाज वाटणार नाही.

सध्या हे शब्द वाक्याच्या शेवटाकडे सरकत आहेत. ‘दो’ तिथे कधीच पोचला आहे, बोलण्यात तो आता बहुधा शेवटीच येतो. ‘बट’ही त्याच्या मागे निघाला आहे. ग्लासगोत आणि ऑस्ट्रेलियात लोक वाक्य पुरं करून शेवटी ‘बट’ म्हणतात आणि थांबतात. त्यापुढे काही यायचं बाकी नसतं. जीन मल्डर आणि सँड्रा थॉम्पसन या भाषाशास्त्रज्ञांनी संभाषणं तपासून दाखवलं की आधी ‘बट’वर वाक्य अर्धवट सोडलं जाई आणि उरलेलं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असे. पुढे त्या सोडून देण्याचीच रीत झाली. आपणही ‘येईन मी, पण…’ म्हणून थांबतो. मराठीत अजून त्या ‘पण’नंतर काहीतरी राहिलं आहे असं वाटतं, ग्लासगोत तसं वाटत नाही.