मालक, सरकार आणि दाद मागणारा श्रोता

वृत्तपत्रस्वातंत्र्याचा विषय आपल्याकडे निघाला म्हणजे चर्चा बहुधा दोन पक्षांभोवती घुटमळते. एका बाजूला सरकार असते आणि दुसऱ्या बाजूला वृत्तपत्राचा मालक किंवा संपादक. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात सेन्सॉरची कात्री कशी चालली हे ज्यांनी पाहिले, त्यांनी सरकारकडे संशयाने पाहावे आणि मालकाला आपला कैवारी मानावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु वृत्तपत्राला वाचक असतो, नभोवाणीला श्रोता असतो, आणि या तिसऱ्या पक्षाचेही काही हक्क असू शकतात, ही गोष्ट या चर्चेत सहसा कोणाला आठवत नाही. हा तिसरा पक्ष स्वतःच्या नावाने दाद मागू शकतो काय, या प्रश्नाची तड अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, जॅक्सन या शहरी लागली. ती हकिगत आपल्याकडे फारशी परिचित नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगणे इष्ट होईल.

जॅक्सनमध्ये डब्ल्यू. एल. बी. टी. नावाचे दूरचित्रवाणी केंद्र होते. त्याचा परवाना एका विमा कंपनीच्या उपकंपनीकडे होता. केंद्राच्या मुख्य प्रक्षेपणक्षेत्रात कृष्णवर्णीयांची संख्या शेकडा ४५ च्या घरात होती. पण पडद्यावर त्यांना स्थान नव्हते. वंशभेदाच्या प्रश्नावर राष्ट्रीय जाळ्याचा एक कार्यक्रम चालू असता आणि त्यात कृष्णवर्णीयांच्या प्रमुख संघटनेचे वकील बोलत असता या केंद्राने तो मध्येच तोडला व पडद्यावर 'क्षमस्व, तारेत बिघाड' अशी पाटी झळकविली. १९५५ पासून अशा तक्रारी वॉशिंग्टन येथील दळणवळण आयोगाकडे जात होत्या. तारेतला हा बिघाड नेमका कोणाचे भाषण सुरू झाले म्हणजे उद्भवतो, हे जॅक्सनमधील पोरासोरांनाही ठाऊक होते. तक्रारींचा परिणाम मात्र शून्य. १९६३ च्या मे महिन्यात मेडगर एव्हर्स या नेत्याला अखेर या केंद्रावरून बोलावयास मिळाले. १२ जून रोजी त्याच्या घराच्या दारात गोळी घालून त्याचा खून करण्यात आला.

अशा वातावरणात युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या पंथाच्या दळणवळण कार्यालयाचे प्रमुख एव्हरेट पार्कर यांनी एक साधा मार्ग अवलंबिला. १९६४ च्या मार्च महिन्यातील पहिला आठवडा त्यांनी निवडला आणि स्थानिक स्वयंसेवकांकरवी केंद्राच्या प्रक्षेपणाची बारीक नोंद करविली. कोण बोलले, किती वेळ बोलले, कोणाचा उल्लेख कोणत्या शब्दांत झाला, सर्व काही कागदावर आले. स्वयंसेवकांची नावे गुप्त ठेवावी लागली, कारण ती उघड होणे म्हणजे जिवावर बेतण्याचा प्रसंग. त्या काळी प्रक्षेपणाच्या परवान्याची मुदत तीन वर्षांची असे, आणि नूतनीकरणाची वेळ जवळ आली होती. ही वेळ साधून पार्कर यांनी एरन हेन्री आणि रेव्हरंड रॉबर्ट स्मिथ या मिसिसिपीतील दोन कृष्णवर्णीय नेत्यांसह आयोगापुढे अर्ज केला की या केंद्राचा परवाना पुन्हा देऊ नये.

आयोगाचे उत्तर मासलेवाईक होते. ज्याचे आर्थिक नुकसान होते किंवा ज्याच्या लहरींत व्यत्यय येतो, त्यालाच हरकत घेण्याचा अधिकार. म्हणजे हरकत घ्यावयाची ती दुसऱ्या केंद्राच्या मालकाने. प्रेक्षक हा पक्षकारच नव्हे! तक्रारींत तथ्य दिसते हे मान्य करूनही आयोगाने केंद्राला एक वर्षाची मुदत दिली आणि अर्जदारांना दारातूनच परत पाठविले. अर्जदार अपील न्यायालयात गेले. २५ मार्च १९६६ रोजी निकाल लागला आणि तो लिहिला वॉरन बर्गर यांनी, जे पुढे तीन वर्षांनी अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. बर्गर हे काही जहाल विचारांचे न्यायमूर्ती नव्हते. त्यांची ख्याती पुराणमतवादी अशीच होती. तरीही त्यांनी स्पष्ट म्हटले की परवानाधारक हा लोकांचा विश्वस्त आहे आणि त्याच्या कारभाराविषयी जबाबदार श्रोत्यांच्या प्रतिनिधींना पक्षकार म्हणून उभे राहता आले पाहिजे. सामान्य लोकांनी घरोघरी संच घेण्यात घातलेला पैसा प्रसारकांच्या भांडवलाच्या कितीतरी पट आहे, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. कारकुनाने हप्त्याने घेतलेला संच हीदेखील गुंतवणूकच होय, हे कोणा न्यायालयाने प्रथमच ओळखले असेल.

आयोग तरीही बधला नाही. त्याने पुन्हा चौकशी केली, पुराव्याचा सारा भार अर्जदारांवर टाकला आणि १९६८ मध्ये पूर्ण मुदतीचा परवाना बहाल केला. २० जून १९६९ रोजी बर्गर यांनी हा परवाना रद्द ठरविला. १९७१ मध्ये केंद्र एका ना-नफा संस्थेकडे तात्पुरते सोपविण्यात आले, १९७२ मध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थाची व्यवस्थापक म्हणून नेमणूक झाली, आणि पुढे परवाना ज्या कंपनीला मिळाला तिचे बहुसंख्य भागधारक कृष्णवर्णीय होते.

कथा येथेच संपली असती तर तिचे भाबडे गोडवे गाता आले असते. तसे झाले नाही. पुढे हे केंद्र विकले गेले, एका साखळीकडून दुसऱ्या साखळीकडे गेले, आणि २०१९ पासून ते ग्रे या शेकडो केंद्रे बाळगणाऱ्या कंपनीच्या मालकीचे आहे. आठवडाभर जीव मुठीत धरून टिपणे काढणाऱ्यांनी जे मिळविले ते बाजाराने गिळले, असे कोणी म्हणेल. त्यात थोडे तथ्य आहे. पण पक्षकार होण्याचा जो हक्क १९६६ मध्ये मिळाला, तो त्या केंद्राबरोबर विकला गेला नाही.

त्या हक्काची गरज पुढे अधिकच भासली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती नभोवाणी केंद्रे घ्यावीत यावरील मर्यादा काढून टाकली, आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या कंपनीकडे बाराशेंहून अधिक केंद्रे आली. नॉर्थ डाकोटातील मायनॉट या लहानशा गावातील सहाही व्यापारी केंद्रे तिचीच. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर गावाजवळ मालगाडी घसरली, अमोनियाच्या टाक्या फुटल्या आणि विषारी ढग वस्तीवर आला. पोलिसांनी केंद्राला दूरध्वनी केले, ते कोणी उचलले नाहीत. एक मनुष्य दगावला, शेकडो लोकांना इजा झाली. पोलिसांकडील इशारा देणारी यंत्रणाच नीट जोडलेली नव्हती, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि ते अगदीच टाकाऊ नव्हते. तथापि सहापैकी एकाही केंद्रावर रात्री फोन उचलणारा माणूस सापडू नये, ही गोष्ट लोकांच्या मनात घर करून राहिली.

२ जून २००३ रोजी त्याच आयोगाने मालकीचे निर्बंध तीन विरुद्ध दोन मतांनी आणखी सैल केले. त्याआधी आणि नंतर सुमारे वीस लाख नागरिकांनी आयोगाकडे व संसदेकडे आपली मते धाडली, बहुतेक सगळी विरोधात. बंदूकधारकांची संघटना आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारी संघटना एका बाजूस उभ्या राहिल्याचे दृश्य तेथे क्वचितच दिसते. ते या वेळी दिसले. फिलाडेल्फियातील प्रोमिथिअस रेडिओ प्रोजेक्ट या छोट्या संस्थेच्या अर्जावरून न्यायालयाने नवे नियम रोखले. ही संस्था मुळात विनापरवाना नभोवाणी चालविणाऱ्या काही तरुणांची! खटला अनेक वर्षे रेंगाळला आणि १ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आयोगाच्या बाजूने निकाल दिला. हा पराभव झाकण्यात अर्थ नाही. पण साधारण सतरा वर्षे एकीकरणाला बांध घातला गेला, आणि याच चळवळीच्या रेट्याने जानेवारी २०११ मध्ये अल्पशक्तीच्या स्थानिक नभोवाणी केंद्रांना मोकळीक देणारा कायदा झाला.

आपल्याकडील स्थिती

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. १९५२ साली नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष होते. मालकी थोड्या हातांत एकवटत चालल्याची दखल घेऊन आयोगाने १९५४ मध्ये सुचविले की पानांच्या संख्येनुसार अंकाची किंमत ठरवावी, म्हणजे धनाढ्य पत्रांना भरपूर पाने स्वस्तात देऊन लहान पत्रांना बुडविता येणार नाही. १९५६ मध्ये तसा कायदा आणि १९६० मध्ये तसा आदेश निघाला. त्याला आव्हान दिले ते पुण्याच्या 'सकाळ'ने! नानासाहेब परुळेकरांचे हे पत्र कोणा साखळीचे नव्हते. सात नये पैशांत ते आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून चौतीस पाने देत असे. आदेशानुसार एक तर पाने चोवीसवर आणावी लागणार होती किंवा किंमत आठ नये पैसे करावी लागणार होती. २५ सप्टेंबर १९६१ रोजी न्यायमूर्ती मुधोळकरांनी निकाल दिला की खप कमी करणे हा अभिव्यक्तीवरचाच घाला होय, आणि सार्वजनिक हिताच्या नावाने तो घालण्याची मुभा घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात नाही.

निकाल घटनेला धरून होता, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका नाही. सरकारने पाने मोजावयास बसावे, हा उपायच ओबडधोबड होता. पण ज्या दुखण्यावर तो काढला होता ते दुखणे जागच्या जागी राहिले. १९७२ च्या बेनेट कोलमन खटल्यातही चार विरुद्ध एक मतांनी मालकांचाच जय झाला. ते एक मत न्यायमूर्ती मॅथ्यू यांचे. बोलणाऱ्याच्या स्वातंत्र्याबरोबर ऐकणाऱ्याचा विविध मते ऐकण्याचा हक्कही त्यांनी तराजूत घातला. पुढे दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे ते अध्यक्ष झाले आणि १९८२ च्या अहवालात त्या आयोगाने वृत्तपत्रांचा इतर उद्योगांशी असलेला संबंध तोडण्याची शिफारस केली. ती फडताळात राहिली.

वृत्तपत्राला परवाना लागत नाही, म्हणून तेथे अडचण आहे हे मान्य. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीचे तसे नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितले की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची वा खाजगी धनिकांची, कोणाचीच मक्तेदारी असता कामा नये. सरकारच्या नियंत्रणापासून मुक्त अशा स्वायत्त संस्थेने तिची व्यवस्था पाहावी, असाही त्या निकालाचा रोख होता. या घटकेला परवानगी देते ते मंत्रालय. त्याचे फलित काय, हे मीडिया वन या मल्याळी वाहिनीच्या प्रकरणात दिसले. जानेवारी २०२२ मध्ये सुरक्षेचे कारण पुढे करून मंत्रालयाने तिला नूतनीकरण नाकारले. कारणे बंद लखोट्यात! सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी तो निर्णय रद्द केला. जॅक्सनमध्ये नूतनीकरणाची घटिका हे प्रेक्षकांचे हत्यार ठरले. येथे ते सरकारच्या हाती आहे आणि प्रेक्षकाने त्या वेळी बोलण्याची सोय नाही.

मालकी पालटते तेव्हा तर प्रेक्षक कोठेच नसतो. २०१४ मध्ये नेटवर्क १८ रिलायन्सकडे गेले. २०२२ मध्ये एन.डी.टी.व्ही.च्या संस्थापकांनी २००९ साली ज्या कंपनीकडून कर्ज उचलले होते ती कंपनीच अदानी समूहाने विकत घेतली, आणि कर्जाच्या अटींतून वाहिनीतील शेकडा २९ हून अधिक भाग त्यांच्या हाती आला. त्या व्यवहारात लहान भागधारकांच्या रक्षणासाठी 'सेबी'चे नियम होते, त्यांचे भाग विकत घेण्याचा खुला प्रस्ताव द्यावा लागला. हे योग्यच झाले. परंतु ज्याने एक भाग विकत घेतला त्याला विचारले जाते आणि ज्याने वर्षानुवर्षे रोज तासभर वाहिनी पाहिली त्याला विचारण्यास कोणी बांधील नाही, ही व्यवस्था लोकशाहीला शोभणारी आहे काय? एखाद्या कार्यक्रमाविषयी तक्रार आज करता येते. मालकीविषयी करता येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये व पुन्हा ऑगस्ट २०१४ मध्ये, एकाच हाती अनेक माध्यमे जाऊ नयेत म्हणून निर्बंध सुचविले. त्यांचा कायदा झालेला नाही.

सरकारच्या हाती आणखी अधिकार देणे धोक्याचे, हा आक्षेप येथे येणारच, आणि तो खरा आहे. पण जॅक्सनमध्ये सरकारी आयोग मालकाच्याच बाजूने होता, हे विसरून चालणार नाही. नागरिकांनी न्यायालयात जाऊन त्याला वठणीवर आणले. मागणी करावयाची ती परवान्याच्या व मालकीबदलाच्या वेळी जाहीर सुनावणीची, आणि त्या सुनावणीत प्रेक्षकांच्या संस्थांना पक्षकार म्हणून उभे राहू देण्याची. त्यासाठी लागणारे काम शाळेतल्या शिक्षकाला किंवा महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला अशक्य नाही. एक आठवडा, एक वाहिनी, आणि कोणाला किती मिनिटे मिळाली याची वही.

सामुदायिक नभोवाणीचे दार २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना उघडले आहे. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे माणदेशी स्त्रियांच्या संस्थेचे केंद्र २००८ पासून चालते. दुष्काळी तालुक्यातील बायका स्वतःच्या बोलीत स्वतःच्या संसाराविषयी बोलतात, हे मोठेच काम आहे. पण सामुदायिक काय किंवा खाजगी एफ.एम. काय, या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या लावण्यापुरती मुभा आहे. पाणीपुरवठा, वीज, हवामान, परीक्षा यांची माहिती खाजगी एफ.एम.च्या नियमांत बातमी समजली जात नाही. गावात उद्या नळाला पाणी येणार नाही, एवढे सांगता येते. ते कोणामुळे येणार नाही, ही बातमी झाली.